स्पर्धेने ग्राफिक्स कार्ड स्वस्त होते का?

प्रश्न : दोन कंपन्यांच्या चढाओढीत ग्राफिक्स कार्ड खरोखर स्वस्त होतात का?

उत्तर : होतात, पण समोरचे कार्ड तोडीस तोड असेल तरच. जून २००८मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० आणले ६४९ डॉलरला. त्याच महिन्यात एएमडीचे रेडिऑन एचडी ४८७० आले. वेगात ते थोडे मागे, किंमत मात्र २९९ डॉलर! काही आठवड्यांतच एनव्हिडियाला २८०ची किंमत ४९९वर आणावी लागली.

एएमडीला इतकी कमी किंमत परवडली, कारण तिची चिप २५६ चौरस मिलिमीटरची होती आणि एनव्हिडियाची ५७६. लहान चिपा एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, जास्त निघतात, वायाही कमी जातात.

अलीकडे स्पर्धेचा हा धाक ओसरला आहे, ही ग्राहकासाठी वाईटच बातमी. २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०८० होते ११९९ डॉलरला, तर एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स ९९९ला. तरीही एनव्हिडियाचे ४०८० सुपर ९९९ डॉलरला यायला जानेवारी २०२४ उजाडले.