पिवळी मोहरी

मुलांनो, अम्मी डाळीला बघार देते, तेव्हा गरम तेलात काय तडतडते? ती मोहरी. तुम्ही तिला राई म्हणता. बघाराला मराठीत फोडणी म्हणतात.

फोडणीची मोहरी काळसर असते. तिचीच एक बहीण पिवळी असते. उत्तर भारतात तिला पिली सरसों म्हणतात. मोहरी हिवाळ्यातील पीक आहे. तिची फुले पिवळीधमक असतात. प्रत्येक फुलाला चार पाकळ्या असतात. फुले गळली की बारीक शेंगा येतात. त्या वाळल्या की झोडपून दाणे काढतात.

एक गंमत करून पाहा. मोहरीचा अख्खा दाणा नाकाशी धरा. झणका लागणार नाही. आता थोडी मोहरी पाण्यात वाटा आणि जरा थांबा. झणका येईल! दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळे असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळाले की ते एकत्र येतात व तिखटपणा तयार होतो. म्हणूनच महाराष्ट्रात कोशिंबिरीत मोहरी फेसून घालतात. लोणच्यात मोहरीची डाळ घालतात. बंगालमध्ये मोहरीच्या वाटणात हिलसा मासा शिजवतात. तेथील कासुंदी ही चटणीही मोहरीचीच.

पण या गुणी दाण्याला एक शत्रू आहे. त्याचे नाव पिवळा धोतरा. हे काटेरी रानटी झुडूप आहे. त्याचे बी काळ्या मोहरीसारखे दिसते. पण ते विषारी असते. १९९८ साली दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली. लोकांचे पाय सुजले, त्यांना धाप लागू लागली. साठाहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी सरकारने खाद्यतेल बंद डब्यांतून विकण्याचा आदेश काढला.

हे बी कसे ओळखावे? मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो. धोतऱ्याचे बी खरबरीत असते. दाणा दाबून फोडा. मोहरी आतून पिवळी दिसते. धोतऱ्याचे बी आतून पांढरे दिसते. पिवळ्या मोहरीत तर हे काळे बी लगेच नजरेस पडते. तेलात मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुटे तेल घेऊ नका.

आज घरी गेल्यावर मसाल्याच्या डब्यातील मोहरी ताटात पसरा. अम्मीजवळ बसा आणि दाणे नीट पाहा. तुम्ही शिकलेला हा धडा घरातल्या सर्वांच्या उपयोगी पडेल.

शब्दार्थ
झणका – नाकात जाणारा तिखट वास
फेसणे – पाणी घालून खूप घोटणे
भेसळ – मिलावट
दगावणे – मरण पावणे