सगळ्यांचे लाडूच का होतात?

प्रश्न : मी गावात बालवाडी चालवते. मुलं साडेतीन ते सहा वर्षांची. आठवड्यातून एकदा मातीकाम असतं. पूर्वी आंबा, बैल, गणपती असं काहीतरी आधी करून दाखवायचे. मुलं तसंच करायला बघायची आणि जमलं नाही की "बाई, तुम्हीच करून द्या" म्हणायची. मग एका प्रशिक्षणात सांगितलं, काहीच दाखवू नका, मुलांना मोकळं सोडा. सोडलं. तर सगळ्यांचे लाडू आणि साप! दोन महिने झाले, लाडू आणि सापच चाललेत. मग मी यात शिकवते ते काय?
– एक बालवाडीताई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, प्रशिक्षणातलं वाक्य तुमच्यापर्यंत अर्धंच पोचलेलं दिसतं. वस्तू कशी दिसावी हे दाखवायचं नाही, इथपर्यंत ठीक. पण ती उभी कशी राहते, दोन तुकडे एकमेकांना कसे धरतात, माती कधी भेगाळते, हे दाखवायचंच असतं. फक्त मुलाला त्याची गरज पडेल तेव्हा. तुमचं शिकवणं तिथं आहे.

आधी लाडू-सापांची बाजू घेते. दोन-अडीच वर्षांचं मूल माती दाबतं, थापटतं, तिच्यात बोटं खुपसतं, तोडतं. वस्तू करायची हे त्याच्या डोक्यातच नसतं. तीन-साडेतीनच्या पुढे दोन हालचाली साधायला लागतात : तळहातांत गोल फिरवणं आणि पाटावर पुढे-मागे लोळवणं. पहिलीतून लाडू, दुसरीतून साप. नाव बहुतेक वेळा नंतर सुचतं, आणि तेही टिकत नाही. सकाळचा साप डबा खाईपर्यंत आगगाडी झालेला असतो. यात काही बिघडलेलं नाही. चाक न वापरता घडवलेली कितीतरी भांडी अशा सापांचीच वेटोळी एकावर एक चढवून केलेली असतात.

पण दोन महिने तेच चाललं असेल तर तुमची शंकाही रास्त आहे. एकेकाला माती किती देता? पत्रात लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज, मुठीत मावेल एवढी. पोरं जास्त, माती थोडी, दुसरं काय करणार! मात्र लाडवाएवढी माती दिली की लाडूच होतो. पुढच्या वेळी चार-चार मुलांत मिळून एक मोठा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा गोळा ठेवून बघा. मुलं बसलेली उठतील, खांद्याचा जोर लावतील. त्यातून डोंगर निघतो, विहीर निघते, दोन्हीकडून खणत गेलेले हात मधे भेटले की बोगदा निघतो. आणखी एक होतं. मुठीतली वस्तू मूल एकाच बाजूने बघतं. मोठ्या वस्तूभोवती त्याला फिरावं लागतं, आणि वस्तूला मागची बाजू असते, पलीकडे बसलेल्या मुलाला ती वेगळीच दिसते, हे तिथं कळतं. त्रिमितीचा पहिला धडा झाला, तुम्ही शब्दही न बोलता.

आता हत्तीचं बघा, कारण हत्ती हमखास येतोच. पाचेक वर्षांचं मूल जाड गोळ्याचं पोट करतं, पाय म्हणून चार बारीक साप चिकटवतं, सरळ करून ठेवतं आणि हत्ती मटकन खाली बसतो. इथे मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो : "आण इकडे, पाय जाड कर." जरा थांबा. एक मूल पाय आखूड करेल. दुसरं पोटाखाली पाचवा पाय लावेल. हत्ती पडत नाही ना, मग त्याचं समाधान आहे. तिसरं जाहीर करून टाकेल, की हत्ती झोपलाय. ही पळवाट वाटली तरी तिला हसू नका. संगमरवरात घोडा कोरणारे शिल्पकारही बारीक पायांवर भरवसा न ठेवता पोटाखाली झाडाचं खोड कोरून ठेवतात. चौथं मूल मात्र दोनदा हत्ती पडल्यावर रडकुंडीला येईल. त्याच्यापाशी तुमचा वेगळा गोळा घेऊन बसा आणि त्या गोळ्यावर दाखवा : जोडायच्या दोन्ही जागांवर काडीने रेघोट्या ओढायच्या, घट्ट दह्याएवढी दाट कालवलेली माती मधे लावायची, तुकडे दाबायचे आणि सांध्यावरून बोट फिरवून फट बुजवायची. नुसत्या पाण्याने चिकटवलेला पाय ओला असेपर्यंत धरतो. वाळताना माती आकसते आणि तो सुटतो. एवढं दाखवून उठा. त्याच्या हत्तीला हात लावू नका.

चित्रकलेच्या बाईंना मिळत नाही अशी एक मदत तुम्हाला आहे. कागदावर हत्तीला बारीक पाय काढले तरी हत्ती उभाच राहतो. मातीतला पडतो. चूक कुणी सांगावी लागत नाही आणि सुधारली की तेही लगेच दिसतं. म्हणून मुलांना मोकळं सोडणं मातीत जास्त परवडतं. "चित्र तर छान काढतो, मग माती अशी का?" असं आई-वडील विचारतात, त्यालाही इथेच उत्तर आहे. कागदावर माणसाला डोळे, केस, बोटं काढणारं मूल मातीत कधी नुसता खांब उभा करतं आणि वर डोकं ठेवून मोकळं होतं, कारण इथे त्याला आधी माणूस उभा करायचा असतो. क्लेअर गोलोम या मानसशास्त्रज्ञांनी मुलांची चित्रं आणि शिल्पं शेजारी ठेवून अभ्यास केला, १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधन बदललं की मुलाचं उत्तर बदलतं, हे त्यातून घेण्यासारखं.

मातीला जोड म्हणून काड्या आणि वाटाणे आणा. जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेलच्या साधनांत लाकडी ठोकळ्यांबरोबर हेही होतं : भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे करायचे. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर नावाचा चार वर्षांचा मुलगा १८९९ मध्ये अशाच बालवाडीत होता. त्याची नजर फार अधू होती आणि चष्मा अजून लागलेला नव्हता. बाकीची मुलं पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी सांगाडे करत होती. याने घरं नीट पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे हाताला जे घट्ट लागेल ते हा जोडत गेला. चौकोन दाबला की कलायचा, त्रिकोण कलत नव्हता. शेवटी सगळा सांगाडा त्रिकोणांचाच झाला, आणि बाईंनी दुसऱ्या शिक्षिकांना बोलावून तो दाखवला. ही हकिकत फुलर पुढे स्वतःच सांगत. १९५४ मध्ये त्यांना घुमटाच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि १९६१ मध्ये त्या वाटाण्यांच्या सांगाड्याशी थेट नातं सांगणाऱ्या रचनेचं. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन हाच त्रिकोण-चौकोनाचा खेळ खेडोपाडीच्या शाळांत नेला.

बालवाडीत आगकाड्या नकोत, टोकदार टूथपिकही नकोत. खराट्याचे हीर बोटाएवढे तोडा, टोकं दगडावर घासून बोथट करा. वाटाणे रात्रभर भिजवलेले हवेत. वाळताना ते आकसून काडीला धरतात, त्यामुळे सांगाडा दुसऱ्या दिवशी आणखी पक्का होतो. कुणाचं तीन वर्षांखालचं भावंड वर्गात येऊन बसत असेल तर मात्र वाटाणे, चिंचोके, मणी त्या दिवशी बाहेर काढूच नका. साधारण तीन सेंटिमीटर रुंद नळीतून जाईल ते घशात अडकू शकतं, हे माप लक्षात ठेवा.

नमुना नसताना मुलं केवढं काम उभारतात, हे तुम्ही दर दिवाळीला किल्ला करताना बघताच. विटा-दगडांचा ढिगारा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वर चिखलाचा थर, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरलेली. भुयार ढासळतं, तळ्यातलं पाणी मुरून जातं म्हणून प्लास्टिकचा कागद शोधला जातो, आणि मावळे आणल्यावर कळतं, की एकही मावळा महादरवाजातून आत जाणार नाही. मग दरवाजा पाडून पुन्हा बांधायचा, की मावळे बाहेर पहाऱ्यावर ठेवायचे, यावर गल्लीत रीतसर भांडण होतं. प्रमाणबद्धतेचा याहून चांगला तास मला माहीत नाही. हल्ली बाजारात प्लास्टरचे रंगवलेले तयार किल्ले मिळतात. माझं मत विचाराल तर ते किल्ले नव्हेत, फर्निचर आहे.

तेव्हा ताई, पुढच्या तासाला "आज बैल करू या" म्हणू नका आणि "काहीही करा" असंही म्हणू नका. एखादा अडथळा द्या. "वितीएवढं उंच होईल आणि टाळी वाजवली तरी पडणार नाही, असं काहीतरी करता येईल का?" किंवा "हा खडा आत लपेल आणि तरी बाहेरून दिसेल, असं घर?" उत्तरं शंभर असतील, पण लाडू हे त्यातलं एक नसेल.

प्रश्न : आमच्या नर्सरीत मुलं ठोकळे, खोकी, माती यांचं खूप काही करतात आणि मोडून टाकतात. पालक दाराशी विचारतात, "आज काय केलं? घरी न्यायला काही नाही?" फी भरणाऱ्यांना काय दाखवायचं?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : मोडण्याआधीचं दाखवा. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळ १९४५ मध्ये, युद्ध संपल्यासंपल्या, गावकऱ्यांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक सायकल मारत ते बघायला गेला आणि त्यात आयुष्यभराचा गुंतला. तिथल्या शाळांत कलेचं शिक्षण घेतलेला एक शिक्षक आणि कामाची वेगळी खोली असते. पण तुमच्या उपयोगाचं म्हणजे तिथं मुलांच्या कामाची नोंद ठेवतात : काम चालू असतानाचे फोटो आणि त्याखाली मुलांचे स्वतःचे शब्द.

तुम्हीही दाराशी फळा लावा. तीन फोटो : मनोरा उभा राहताना, पडताना, दुसऱ्यांदा रुंद पायावर उभा राहिल्यावर. खाली "खाली जाड पाहिजे, नाहीतर चक्कर येते त्याला" हे मुलाचं वाक्य, जसंच्या तसं. आई-बाबा थांबून वाचतात. हातात घरी नेलेलं कागदी फूल मात्र बहुतेक वेळा बाईंनी कापलेलं आणि मुलाने फक्त चिकटवलेलं असतं. तो नमुना पालकांना गोड वाटतो, पण त्यात मूल कुठे आहे ते शोधावं लागतं. पालकांनाही दोष देता येत नाही. आपल्याकडे शाळेतली कला म्हणजे कागद हेच ठसलेलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना आपण सगळे बसलो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं सपाट. तांब्या हुबेहूब काढला, पण तांब्याएवढं काहीतरी हाताने घडवायला कुणी सांगितलं नाही.

प्रश्न : नातीला गणपतीच्या आधी शाडूच्या कार्यशाळेला पाठवावं का? ती पाच वर्षांची आहे. आणि उरलेल्या मातीचं फ्लॅटमध्ये काय करायचं? वाळून दगड होते.
– एक आजी, ठाणे

उत्तर : खुशाल पाठवा. पण तिथं साच्यातून गणपती काढायला देतात की हाताने घडवायला, हे आधी विचारा. साच्यातला सुबक निघेल, घरी पूजेला चालेल, आणि नातीने माती दाबण्यापलीकडे काही केलेलं नसेल. हाताने घडवायचा असेल तर सोंड गळून पडेल, कान बशीएवढे होतील, ती घरी आल्यावर "अगंबाई, हा कुठला गणपती!" असं कुणी म्हणू नये एवढी तजवीज आजीने करावी. "हे काय आहे?" असंही विचारू नका. "सोंड पोटाला टेकवलीस होय? म्हणून पडली नाही," असं दिसतंय ते बोला. पुढचं ती सांगेल.

फ्लॅटमध्ये पसाऱ्याची भीती असते, पण मातीला खोलीभर जागा लागत नाही. जुन्या गोणपाटाचा तुकडा पाटावर ताणून बसवा. गुळगुळीत टेबलावर माती चिकटते, गोणपाटावरून सुटी निघते. पाण्याची वाटी देऊ नका, मुलं सगळी माती कालवून चिखल करतात. ओला फडका पुरे. काम झाल्यावर झाडू मारू नका. वाळलेल्या मातीची बारीक धूळ छातीला वाईट, ओल्या फडक्याने पुसून घ्या. हात आधी बादलीत धुवायचे आणि गाळ बसल्यावर वरचं पाणी कुंड्यांना. बेसिनमध्ये माती गेली तर प्लंबर बोलवावा लागतो.

आणि दगड झालेली माती टाकू नका. ती अर्धवट वाळलेली असेल तर पाण्यात नीट विरघळत नाही, गाठी राहतात. म्हणून उन्हात आणखी कडक वाळू द्या, फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा, मग पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येत खडे आपोआप ढासळतात. नातीला शेजारी बसवा, हे बघण्यासारखं असतं. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून टाकायचं, चिखल जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून टांगायचा, आणि तळहाताला चिकटेनासा झाला की मळून डब्यात भरायचा. वर ओलं फडकं आणि घट्ट झाकण.