रोख जमा यंत्रातील त्रुटी आणि खातेदाराचा दावा

रोखपालाच्या खिडकीपाशी पैसे भरणाऱ्या खातेदाराच्या हाती एक कागद येत असे. भरणा-चिठ्ठीचा तो लहानसा तुकडा, त्यावर शाखेचा शिक्का आणि रोखपालाची सही. नोटा खातेदाराच्या डोळ्यांदेखत मोजल्या जात. एखादी नोट कमी भरली तर ते तेथल्या तेथे सांगितले जाई, आणि वाद उद्भवलाच तर दोन माणसे समोरासमोर असत. रोख जमा यंत्राने खिडकीपुढील रांग कमी केली, सुट्टीच्या दिवशी व रात्रीही भरणा करण्याची सोय दिली. मात्र मोजणारा आता समोर नसतो. यंत्र अडले, पावती आली नाही किंवा रक्कम खात्यात दिसली नाही, तर खातेदाराने कोणाकडे पाहावे आणि बँकेने कशाच्या आधारे निर्णय द्यावा, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राच्या आत काय घडते

यंत्रात ठेवलेला नोटांचा गठ्ठा एकदम तिजोरीत जात नाही. प्रथम प्रत्येक नोट सुटी होऊन पट्ट्यांवरून पुढे सरकते. वाटेत संवेदक तिचे मूल्य व अस्सलपणा तपासतात. न ओळखलेल्या, दुमडलेल्या वा चिकटलेल्या नोटा परत केल्या जातात. ओळखलेल्या नोटा एका तात्पुरत्या कप्प्यात थांबतात आणि पडद्यावर कोणत्या मूल्याच्या किती नोटा व एकूण रक्कम किती, हे दिसते. खातेदाराने होकाराचे बटण दाबल्यावरच त्या नोटा पेटीत जातात आणि खात्यात जमेची नोंद करण्याचा संदेश बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडे रवाना होतो.

ही रचना लक्षात घेतली की चुकीचे प्रकारही आपोआप उलगडतात. होकारापूर्वी वीज किंवा संपर्क तुटला तर नोटा तात्पुरत्या कप्प्यात अडकून राहतात व जमेची नोंद होत नाही. होकारानंतर संदेश वाटेत हरवला तर नोटा पेटीत, पण खाते कोरडे, अशी स्थिती होते. एखादी नोट पट्ट्यांत अडकली तर मोजणी अर्धवट राहते. परत आलेल्या नोटा ठराविक वेळात उचलल्या नाहीत तर काही यंत्रे त्या पुन्हा आत घेतात. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान असते. पैसे यंत्राच्या बाहेर गेलेले नसतात. ते आतच, परंतु हिशेबाबाहेर असतात.

कार्डाविना भरणा करताना खाते क्रमांक चुकीचा टंकित होऊन रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाणे हा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे यंत्राने आपले काम चोख केलेले असते आणि त्या दुसऱ्या खातेदाराच्या संमतीविना बँक ती रक्कम सहजासहजी काढून घेऊ शकत नाही. म्हणून पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एका किराणा दुकानदाराचे कल्पित उदाहरण घेऊ. महिन्याची ९ तारीख, दुसरा शनिवार. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे दुकानदार रात्री पावणेनऊच्या सुमारास यंत्रापाशी आला. त्याच्याजवळ ५०० रुपयांच्या ८०, २०० रुपयांच्या १० आणि १०० रुपयांच्या ४५ नोटा होत्या. एकूण रक्कम ४६,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, त्याच्या टेम्पोच्या कर्जाचा हप्ता खात्यातून जाणार होता. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्तेवसुलीची राष्ट्रीय यंत्रणा रविवारी व सुट्टीच्या दिवशीही चालू असते, हे त्याला ठाऊक होते.

यंत्राने नोटा आत घेतल्या, घरघर केली आणि पडदा काळा झाला. पावती आली नाही. पंधरा मिनिटे थांबून तो घरी परतला. रविवारी हप्ता परत गेला व त्याचे शुल्क आकारले गेले. सोमवारी तो शाखेत आला तेव्हा यंत्रातील रोकड मोजली जात होती. हिशेबापेक्षा ४६,००० रुपये जादा निघाले. दुकानदार ४६,५०० म्हणत होता, आणि त्या एका नोटेच्या फरकाने सारा दावाच संशयास्पद ठरू लागला. ‘दावा व जादा रोकड यांत विसंगती’ असा शेरा मारून प्रकरण मिटविणे सोपे होते. वर्षानुवर्षे त्याच शाखेत भरणा करणाऱ्या माणसाला आपल्या सचोटीची परीक्षा पाचशे रुपयांसाठी द्यावी लागत होती.

शाखेतील अधिकाऱ्याने दोन गोष्टी केल्या. ज्या ४६,००० रुपयांविषयी वाद नव्हता ते त्याच दिवशी, शनिवारच्या मूल्य-दिनांकाने, खात्यात जमा केले. नंतर यंत्राची इलेक्ट्रॉनिक नोंद मागविली. तीत १३४ नोटा ओळखल्याची व त्यानंतर पट्ट्यांत अडथळा आल्याची खूण होती. दुकानदाराच्या यादीनुसार नोटा होत्या १३५. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यास संपूर्ण मार्ग उघडून पाहण्यास सांगितले गेले, आणि बुधवारी एका रुळाच्या मागे दुमडलेली ५०० रुपयांची नोट मिळाली. उरलेली रक्कम जमा झाली आणि परत गेलेल्या हप्त्याचे शुल्कही बँकेने सोसले.

या उदाहरणात निर्णायक ठरली ती दुकानदाराजवळची नोटांची मूल्यनिहाय यादी. तो केवळ ‘साधारण साडेशेहेचाळीस हजार होते’ असे म्हणाला असता तर १३४ आणि १३५ यांची तुलना करण्याचा प्रश्नच आला नसता. दाव्याचे बळ नोंदी जुळण्यात असते.

खातेदाराने काय करावे

१. भरण्यापूर्वी नोटा मूल्यनिहाय मोजून संख्या लिहून ठेवावी. पिन, रबर व चिकटपट्टी काढावी. दुमडलेल्या नोटा सरळ कराव्यात. एका वेळच्या नोटांची मर्यादा यंत्रावर दिलेली असते, ती ओलांडू नये.

२. पडद्यावरील नोटांची संख्या आपल्या यादीशी ताडून पाहावी. फरक दिसल्यास होकार देऊ नये. व्यवहार रद्द करून नोटा परत घ्याव्यात. कमी दाखविलेल्या रकमेला होकार देऊन नंतर तक्रार केल्यास दावा दुर्बल होतो, कारण तो होकार म्हणजे मोजणीला दिलेली मान्यताच असते.

३. यंत्र अडल्यास लगेच निघून जाऊ नये. नोटा परत येण्याची शक्यता असते, आणि त्या मागाहून येणाऱ्याच्या हाती लागू शकतात. यंत्रावरील ओळख क्रमांक, वेळ व पडद्यावरील संदेश टिपून घ्यावा. शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र घ्यावे. कोऱ्या वा अर्धवट छापलेल्या पावतीलाही पुरावा म्हणून मोल आहे. तिची शाई काही काळाने फिकी पडते, म्हणून छायाप्रत काढून ठेवावी.

४. मदत क्रमांकावर कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. क्रमांक गुगलवर शोधू नये. कार्डाच्या मागील बाजूचा अथवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच वापरावा. ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ असे सांगून पिन वा ओटीपी विचारणारा मनुष्य ठक असतो.

५. शाखा उघडताच लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. खाते क्रमांक, यंत्राचा क्रमांक, दिनांक, वेळ, मूल्यनिहाय नोटा व एकूण रक्कम एवढे तीत असावे. त्या वेळेचे कॅमेऱ्यातील चित्रण व यंत्राची इलेक्ट्रॉनिक नोंद निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी, अशी स्पष्ट विनंती करावी. चित्रण मर्यादित काळच साठविले जाते. उशीर झाला तर साक्षीदारच नाहीसा होतो.

६. रक्कम जमा करताना मूळ भरण्याच्या दिवसाचा मूल्य-दिनांक मागावा. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज दररोजच्या शिलकेवर मोजले जाते. म्हणून एका दिवसाचा विलंबही हिशेबात येतो. हप्ता किंवा धनादेश परत गेला असल्यास त्याच्या शुल्काची मागणी त्याच पत्रात करावी.

अन्य बँकेच्या यंत्रात भरणा केला असल्यास आपले खाते असलेल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी आणि यंत्र ज्या बँकेचे आहे तिचे नाव त्यात लिहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआयद्वारे कार्डाविना रोख भरण्याची आंतरबँक सुविधा सुरू झाली. अशा व्यवहारात मोबाइलवर आलेला संदर्भ क्रमांक हाच शोधाचा धागा ठरतो.

नियम काय सांगतात

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसंबंधी एक परिपत्रक काढले. एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत करावी, अन्यथा पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात सांगितले आहे. अनेक खातेदार जमा यंत्राच्या तक्रारीतही याच शंभर रुपयांचा दाखला देतात. तथापि त्या परिपत्रकाच्या यादीत रोख जमा करण्याचा प्रकार स्वतंत्रपणे दिलेला नाही. अशा दाव्यात बँकेचे स्वतःचे नुकसानभरपाई धोरण व तक्रार निवारण धोरण पाहावे लागते. ही धोरणे बँकांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. चुकीच्या नियमाचा आग्रह धरल्याने रास्त दावाही रेंगाळतो.

बँकेच्या उत्तराने समाधान न झाल्यास, अथवा लेखी तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १९९५ साली सुरू झालेली बँकिंग लोकपालाची व्यवस्था १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अन्य दोन योजनांसह एकत्र होऊन एकात्मिक झाली. तेव्हापासून कोणत्या लोकपालाचे कार्यक्षेत्र कोणते, हे शोधण्याची गरज उरली नाही. तक्रारीस शुल्क नाही. ती संकेतस्थळावरून करता येते. टपालाने पाठविण्यासाठी चंडीगड येथे मध्यवर्ती केंद्र नेमले गेले आणि तेथे कोणत्याही भाषेतील अर्ज स्वीकारण्याची सोय झाली. इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील मराठी खातेदारानेही आपल्या भाषेत लिहिण्यास संकोच करू नये. अर्जाच्या मुदती व अटी वेळोवेळी सुधारल्या जातात, म्हणून त्या त्या वेळची योजना वाचून अर्ज करावा. मात्र एक अट कायम महत्त्वाची आहे: आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे. काउंटरवर तोंडी सांगितलेल्या गोष्टीपासून ३० दिवसांची मोजणी सुरू होत नाही.

याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचा मार्ग आहे. तेथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. एकाच तक्रारीसाठी लोकपाल व आयोग अशी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत.

शाखेतील सहकाऱ्यांसाठी

जमा यंत्राच्या वादात सर्व पुरावा बँकेच्या ताब्यात असतो. इलेक्ट्रॉनिक नोंद, कॅमेऱ्याचे चित्रण, रोकड मोजणीचा तक्ता व मध्यवर्ती संगणकाची नोंद यांपैकी काहीही खातेदाराला दिसत नाही. म्हणूनच ‘यंत्रात जादा रोकड आढळली नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे आवश्यक आहे. मोजणी तक्रारीनंतरची आहे काय? तात्पुरता कप्पा, परत घेतलेल्या नोटांची पेटी आणि पट्ट्यांचा मार्ग उघडून पाहिला काय? त्या दिवशी अन्य कोणाचा व्यवहार फसला होता काय?

दावा नाकारावयाचा झाल्यास कारण नेमके लिहावे. ज्या बँकांत अंतर्गत लोकपाल आहे तेथे पूर्णतः वा अंशतः फेटाळावयाची तक्रार प्रथम त्याच्याकडे जाते, आणि अपुरी कागदपत्रे तेथे तग धरत नाहीत. काही दावे चुकीचेही असतात. घाईत मोजताना खातेदाराचीही चूक होते. तेही त्याला नोंद दाखवून, आदराने समजावून सांगता येते.

जादा निघालेल्या रोकडीविषयी विशेष दक्षता हवी. उचंत खात्यात पडून राहिलेली रक्कम ताळेबंदाला निरुपद्रवी दिसते; परंतु तिला कोणीतरी धनी असतो. कदाचित तो वृद्ध निवृत्तिवेतनधारक असेल, पावती न आल्याने भांबावून गेलेला; कदाचित गावी पैसे पाठवू पाहणारा मजूर, तक्रार कशी करतात हे न जाणणारा. तक्रार आली नाही म्हणून शोध थांबवू नये. इलेक्ट्रॉनिक नोंदीतील खाते क्रमांकावरून बँकेनेच त्याला कळविणे, हे उत्तम सेवेचे लक्षण होय.

समारोप

पूर्वी शिक्का मारलेला कागद खातेदाराच्या विश्वासाचा आधार होता. यंत्राच्या युगात तो आधार दोघांनी मिळून उभा करावयाचा आहे: खातेदाराने नोटांची यादी, वेळ व लेखी तक्रार यांनी, आणि बँकेने जपलेली नोंद व उघड्या मनाने केलेली पडताळणी यांनी. मोजण्याचे काम यंत्रावर सोपविले तरी मोजणीची जबाबदारी बँकेचीच राहते. रुळामागे अडकलेली एक नोट शोधण्यासाठी उघडलेले यंत्र पाचशे रुपयांहून पुष्कळ अधिक काही परत मिळवून देते.