राउळाचा शेजारधर्म

गावोगावी जुन्या देवळाशेजारी कीर्तनभवन, वाचनालय, भक्तनिवास बांधण्याची खटपट चालू असते. हेतू चांगलाच. परंतु काम उभे राहिले की पुष्कळदा दोनच तऱ्हा दिसतात. एक तर नवी इमारत शिखराच्या वर चढते, नाही तर सिमेंटात हेमाडपंथी सोंग आणते. जुन्याशेजारी नव्याने कसे वागावे, हा प्रश्न दूरदेशीच्या एका शहराने कसा सोडविला ते आज पाहू.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस नीम नावाचे शहर आहे. (कडुनिंबाशी त्याचा काही संबंध नाही बरे!) तेथे रोमन लोकांनी सुमारे २००० वर्षांपूर्वी बांधलेले दगडी देऊळ अजून उभे आहे. मेझाँ कारे हे त्याचे नाव. पुढे ते कधी चर्च झाले, कधी घोड्यांची पागा झाले. वापरात राहिले म्हणूनच टिकले. २०२३ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले.

या देवळासमोर ग्रंथालय आणि आजच्या कलेचे संग्रहालय एकाच छपराखाली बांधायचे ठरले. १९८४ साली नॉर्मन फॉस्टर या इंग्रज वास्तुकाराची निवड झाली, १९९३ साली इमारत उघडली. तिचे नाव कारे दार. आता गंमत पाहा. मजले नऊ, पण त्यांतले जवळजवळ निम्मे जमिनीच्या पोटात! कशासाठी? तर देवळासमोर आपले डोके फार वर जाऊ नये म्हणून. आणि खाली अंधार म्हणाल, तर तोही नाही. मधला चौक काचेने झाकलेला, जिनेही काचेचे. त्यांतून उजेड खाली झिरपतो. देवळाच्या ओसरीला जाड नक्षीदार दगडी खांब आहेत, समोर नव्या ओसरीला सडपातळ पोलादी. नाते कळते, नक्कल होत नाही. दोहोंमधल्या जागेतून मोटारी आणि कुंपणे काढून लोकांना बसायला मोकळे अंगण केले. आम्हास तर सगळ्यात हे अंगणच आवडले. खाली राहण्यात कमीपणा नसतो, हे नामदेवरायांच्या पायरीला वंदन करणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

मात्र सारेच गोड नाही. त्या जागी पूर्वी नाट्यगृह होते. १९५२ साली ते जळाले, दर्शनी खांबांची रांग तेवढी उरली. नव्या इमारतीसाठी तीही हलविली. ते खांब आज शहराबाहेर, हमरस्त्यावरच्या विसाव्याच्या जागी उभे आहेत. एका जुन्याचा मान राखताना दुसऱ्या जुन्याला घर सोडावे लागले. हा हिशेब काही आम्हास जुळत नाही.

आपल्याकडे इतके जवळ बांधणे कायद्यातच बसणार नाही. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा २०१० साली दुरुस्त झाला. त्याप्रमाणे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण गावची बहुतेक देवळे त्या यादीत नाहीतच. तिथे सारे पंचमंडळींच्या हाती. गर्दीमुळे ज्याला आत शिरता येत नाही तो दुरून कळसाला हात जोडतो. म्हणून नकाशा हाती आला की विश्वस्तांनी आधी वेशीपाशी जाऊन उभे राहावे आणि नवी भिंत उठल्यावर तिथून कळस दिसेल काय, ते पाहावे. दिसत नसेल तर मजला कमी करावा, आणि मग नारळ फोडावा.