दोघांची प्रयोगशाळा

चि. दादूस,


तुझे पत्र पोचले. शोधनिबंध परत आला, तिथल्या वरिष्ठांना त्यात नवे काही दिसत नाही, आणि सूनबाईंना डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नसल्याने घर गप्प गप्प असते, असे लिहिले आहेस. या दोन तक्रारी तू वेगवेगळ्या मांडल्यास. मला त्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, म्हणून आज जॉर्ज पापानिकोलाऊंविषयी लिहिते. त्यांनी घालून दिलेल्या पॅप तपासणीच्या स्लाइड वाचण्यातच माझी नोकरी सरली.

ग्रीसमधल्या एव्हिया बेटावर, किमी गावात 1883 साली त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. स्वतः अथेन्सला डॉक्टर झाले, म्युनिकला डॉक्टरेट मिळवली, पण दवाखाना थाटण्यात मन नव्हते. 1910 मध्ये आंद्रोमाखी मावरोयेनी हिच्याशी लग्न केले. अमेरिकेत तिला सगळे मेरी म्हणू लागले. 1913 च्या ऑक्टोबरात दोघे न्यूयॉर्कला उतरले तेव्हा इंग्रजी येत नव्हते म्हटले तरी चालेल, आणि गाठीशी देशात शिरता येण्यापुरते 250 डॉलर. डॉक्टरेट झालेला माणूस गिम्बल्सच्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला. लष्करी घराण्यातली मेरी तिथेच आठवड्याला 5 डॉलरवर बटणे शिवू लागली. पापानिकोलाऊ हॉटेलांत व्हायोलिन वाजवत, एका ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनीही करत. पुढच्या वर्षी त्यांना कॉर्नेलच्या शरीररचना विभागात काम मिळाले.

तिथे त्यांना गिनीपिगची बीजांडे नेमक्या अवस्थेत हवी होती. त्यासाठी मादीचे चक्र कुठवर आले आहे ते कळायला हवे, आणि बाहेरून तर काही दिसत नाही. नाक तपासायचा छोटा स्पेक्युलम आणून त्यांनी मादीच्या योनीतला स्राव घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. पेशींचे रूप ठरावीक क्रमाने बदलत होते. 1917 मध्ये सहकारी स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केले. मग प्रश्न आला, बाईच्या शरीरातही असेच घडते का? त्याचे उत्तर शोधायला मेरी पुढे झाली. एकवीस वर्षे ती स्वतःचे नमुने देत राहिली. प्रयोगशाळेत ती त्यांची तंत्रज्ञ होती आणि घरही तिनेच सांभाळले. मूल त्यांना झाले नाही.

याच कामात एका रुग्णाच्या स्लाइडवर त्यांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या. 1928 मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या परिषदेत त्यांनी ते मांडले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. तुकडा काढून तपासायची सोय असताना गळलेल्या पेशी कशाला बघायच्या, असा तज्ज्ञांचा सूर. दशकभर हे काम मागे पडले. 1939 च्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर ते पुन्हा सुरू झाले, न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या बायकांचे नमुने जमू लागले, 1941 मध्ये निबंध आणि 1943 मध्ये पुस्तक आले. मधल्या काळात पेशी वाचायची त्यांची सवय सुटली नव्हती, म्हणून ट्राउट भेटले तेव्हा दाखवायला त्यांच्यापाशी काही होते. नकार आल्यावर तू नेमके तेच सोडायला निघाला आहेस, म्हणून एवढे सविस्तर सांगितले.

आता मेरीचे. नवऱ्यामागे प्रयोगशाळेत जाण्यावाचून आपल्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, अशा अर्थाचे ती पुढे म्हणाली. ते वाचले की मला तिचा अभिमान वाटतो, आणि जीव कासावीसही होतो. तिने ते प्रेमाने केले यात शंका नाही. पण दुसरा मार्ग असता तर ती काय झाली असती, हे तिला कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. सूनबाईंनी तुझ्या यशासाठी मेरी व्हावे असे मी कधीच सांगणार नाही. दुसरा मार्ग शोधायला तू तिच्याबरोबर बसावेस, एवढे मात्र जीव तोडून सांगते. परक्या गावात ती फक्त तुझ्या भरवशावर आली आहे. तिचा तुटलेला अभ्यास, तिथल्या विद्यापीठाचे प्रवेश, व्हिसाचे नियम, याला तुझ्या निबंधाइतकाच वेळ दे.

आपल्याकडचेही एक सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,30,000 हून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले, पॅप तपासणीने तेवढा फरक दिसला नाही. माझ्यासारखीला हे वाचणे सोपे नव्हते. तरी मी ते सगळ्यांना सांगते, कारण बाई वाचणे महत्त्वाचे. तुझ्याही निबंधात उद्या कुणी सुधारणा केली, तर तिला आडवा जाऊ नकोस.

पापानिकोलाऊंना नोबेल मिळाले नाही. 1961 मध्ये ते मायामीच्या कॅन्सर संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि 1962 च्या फेब्रुवारीत हृदयविकाराने वारले. मेरी त्यांच्यानंतर वीस वर्षे जगली आणि त्यांचे काम लोकांपुढे ठेवत राहिली.

निबंधावरचे शेरे मला जसेच्या तसे पाठव, मी वाचते. आणि रविवारी फोन करशील तेव्हा आधी सूनबाईंना दे. तिला काय करायचे आहे, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुझी,
आत्या