पंगतीचा कारभारी

महिन्यातून एक दिवस कचेरीतील सर्व मंडळींनी एकत्र बाहेर जेवावे आणि दर खेपेस जागा निराळी असावी, असा ठराव आमच्या अमडापूरच्या कचेरीत एका पावसाळ्यात एकमताने मंजूर झाला. आणि त्या दिवशी मी रजेवर असल्यामुळे, जागा निवडण्याचा मुखत्यार म्हणून माझे नाव तितक्याच एकमताने ठरून गेले. कचेरी कोणत्या खात्याची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही सारे मिळून सात असामी होतो, सातांचे पगार सात प्रकारचे होते आणि भूक मात्र सर्वांना एकाच वेळी, दुपारी दीडच्या सुमारास लागे, एवढे पुरे. हा कारभार मी सव्वा वर्ष केला. त्यात जे चुकले ते येथे नमूद करतो, कारण अशी मुखत्यारी आज ना उद्या कोणाच्याही वाट्याला येते आणि ती घेताना कोणी कोणाला काही सांगत नाही.

अमडापूर हे चिखली तालुक्यातील, चिखलीहून खामगावास जाणाऱ्या रस्त्यावरचे, बल्लाळदेवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीस परिचित असलेले गाव. आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे आलुबोंडा, कचोरी, भजी आणि उकळून उकळून काळवंडलेला चहा मिळण्याचे ठिकाण. पोटभर जेवायचे तर खानावळ गाठावी किंवा धाबा. साहजिकच गावातील जागा दोन-तीन महिन्यांत संपल्या आणि वैविध्याच्या शोधात आमची स्वारी एकदा चिखलीच्या, तर एकदा खामगावच्या दिशेने निघू लागली. मी एक वही घातली होती. तीत तारीख, ठिकाण, पदार्थ, चव आणि दर असे रकाने आखले होते, आणि शेवटी ‘गैरहजर’ असा एक रकाना होता. तो मी केवळ दप्तरी सवयीने आखला होता, आणि पुढे त्यानेच मला खजील केले.

वैविध्याविषयीचा माझा पहिला भ्रम सहाव्या महिन्यात फिटला. वही चाळताना ध्यानात आले, की पाच धाब्यांवर आपण शेवभाजी, पनीर आणि दाल तडका एवढेच पाच वेळा खाल्ले आहे; फलकाचे नाव बदलले, खुर्च्यांचा रंग बदलला, पण तळाशी तोच एक तांबडा रस्सा होता, जो सकाळी पातेलेभर करून ठेवतात आणि मागणी येईल तसा त्यात कधी पनीर, कधी काजू, कधी शेव सोडून निरनिराळ्या नावांनी पुढे करतात. खरे वैविध्य आम्हांला सापडले ते गावातल्याच एका खानावळीत. तेथील मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर त्या पातोडीचा रस्सा करीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा करीत. आणि हिवाळ्यात एकदा त्यांनी आपल्या शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असा बेत करून दिला, त्याची आठवण मंडळी अजून काढतात. म्हणून जागा मोजण्याआधी स्वयंपाक करणाऱ्याला काय काय येते हे विचारावे, आणि एक दिवस आधी विचारावे. वऱ्हाडातले उत्तम पदार्थ फलकावर लिहिलेले नसतात.

आता आजारपणाची हकीकत. वैशाखातले ऊन, आणि मी हौसेने निवडलेला एक नवा धाबा. हिरवळ, रंगीत दिव्यांच्या माळा आणि प्रशस्त अंगण असलेला. भर दुपारी तेथे आमच्यावाचून एकही गिऱ्हाईक नव्हते, बाहेर एकही ट्रक उभा नव्हता, आणि या निवांतपणाचे मला कौतुक वाटले, हे आज लिहितानाही लाज वाटते. जिराभात मागवला, तो चार मिनिटांत आला. वरून वाफ निघत होती, परंतु चमचा खोल घातला तेव्हा आत थंडगार, एकमेकांना चिकटलेला गोळा लागला. मी तो फोडून ताटात पसरला आणि मुकाट्याने खाल्ला. संध्याकाळी पाचपासून सातांपैकी चौघांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दोघांवर जलसंजीवनीने भागले, दोघांना रात्री सलाईन लावावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी तिघांनी चालवली.

डॉक्टरांनी पुढे समजावले ते असे, की शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जीवाणू वाढून विष तयार होते, आणि हे विष भात पुन्हा परतल्याने नाहीसे होत नाही. म्हणून शिजलेले अन्न एकतर साठ अंशांच्या वर गरम ठेवावे, नाहीतर लगेच निववून शीतकपाटात टाकावे. पण डॉक्टरांनी न सांगितलेली एक गोष्ट मी स्वतःच्या अनुभवाने जोडतो: धाबा हा रात्रीचा धंदा आहे आणि खानावळ ही दुपारची. धाब्यावर दुपारी जे ताटात येते ते पुष्कळदा आदल्या रात्रीची शिल्लक असते, तर खानावळीची शिल्लक, असलीच तर, रात्री खपते. दुपारी जेवायचे असेल तर दुपारीच जिथे गर्दी असते तेथे जावे, पंधरा मिनिटे उभे राहावे लागले तरी चालेल. अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला असावा लागतो आणि जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. आम्हांला मिळालेली पावती मात्र वहीच्या पानाचा फाटका तुकडा होती. क्रमांक असला म्हणून भात ताजाच असेल असे नव्हे. परंतु तक्रार करण्याची वेळ आली तर हाती काही दाखला असतो.

हे झाले पोटाचे. ज्या चुकीची टोचणी अधिक काळ राहिली ती निराळीच आहे.

आमचा दिवस शुक्रवारचा होता. एका सहकाऱ्याला शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजास जायचे असते, हे मला तीन महिने सुचले नाही; तो धापा टाकीत शेवटी येई, गार झालेली रोटी खाई आणि जेवण छान होते असे म्हणे. मग गुरुवार धरला, तर त्या दिवशी गजानन महाराजांचा उपास करणाऱ्या दोघी निघाल्या. माळकरी असलेले आमचे वयस्कर लेखनिक, जेथे मांस रांधले जाते तेथे पाणीही न पिता, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून शेंगदाणे चघळीत बसत. यांपैकी एकानेही कधी तक्रार केली नाही. बोलत होतो ते आम्ही दोघे, ज्यांना सर्व चालत होते आणि सर्व परवडत होते. आणि आमच्या बोलण्यालाच मी एकमत समजत होतो.

शिपाईकाका चौथ्या महिन्यापासून येईनासे झाले. कधी दाढ दुखे, कधी पाहुणे येत, कधी एकादशी असे. मी वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारी आणि पुढच्या रकान्याकडे वळे. एकदा अर्ध्या वाटेवरून विसरलेला चष्मा घेण्यास परतलो, तो काका बाकावर वर्तमानपत्र पसरून जेवत बसलेले. ज्वारीची भाकरी, हिरवा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. मला पाहून ते उठले आणि मी एक अक्षर विचारण्याआधीच म्हणाले, “दाढ आता बरी हाय, साहेब.”

त्या दिवशीचे बिल आम्ही नेहमीप्रमाणे सारखे वाटून घेतले. माणशी दोनशे चाळीस रुपये पडले. वाटणी सारखी, म्हणजे न्याय झाला, अशी माझी पक्की समजूत होती.

१९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी शिवभोजन थाळी सुरू झाली. या योजनांवर टीका करण्यात मी कोणाच्या मागे नव्हतो. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की त्या आखणाऱ्यांनी आधी किंमत ठरवली आणि मग ताटात काय वाढता येईल ते पाहिले, आणि मी सव्वा वर्ष याच्या नेमके उलट केले.

पुढे आम्ही फेरफार केले ते असे. दिवस बुधवार ठरला, आणि बुधवारी चतुर्थी वा एकादशी आली तर पुढचा बुधवार. रमजानच्या महिन्यात बेत स्थगित. चातुर्मासात आणि इतर महिन्यांतही जागा शाकाहारीच, कारण मांसाहार करणारे महिन्यातून एक दिवस त्यावाचून राहू शकतात, आणि तशी हरकत कोणी घेतलीही नाही. जागा निवडण्याची पाळी आता प्रत्येकाकडे चिठ्ठीने येते. दर मात्र आधी विचारून ठेवायचा. वाटणी बंद केली. पगाराच्या दिवशी पत्र्याची एक पेटी टेबलावर असते, तीत ज्याने त्याने जमेल ते, कोणाला न दाखवता टाकावे आणि बिल पेटीतून भागावे. कमी पडले तर वरिष्ठ तिघांनी भरावे, असा अलिखित करार आहे. तो दोनदा अमलात आणावा लागला.

चिठ्ठीने काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात, बाहेर बाकावर बसून, आम्ही सातांनी तर्रीदार रश्शासह आलुबोंडे खाल्ले आणि वर प्रत्येकी एकेक गुलाबजाम. सव्वा वर्षाच्या वहीत इतका कमी दर आणि इतकी मोठी हजेरी दुसऱ्या कोणत्याही पानावर नाही. त्या महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा पेटीत बिलापेक्षा साठ रुपये अधिक निघाले. ते कोणाचे, याची चौकशी आम्ही केली नाही.