कॉलेजच्या वर्गात बसण्याआधी

अगं, अकरावीतच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घेते आहेस हे ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. कॅलिफोर्नियातली ही सोय खरोखर चांगली आहे. एका युनिटला ४६ डॉलर फी, तीही शाळकरी मुलांना बहुतेक कॉलेजं माफ करतात. पण फी नाही म्हणून हा कोर्स हलक्यात घेऊ नकोस. इथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि पुढे विद्यापीठांत अर्ज करताना ती दाखवावीच लागते.

पहिल्या तासाला हजर राहा. त्या दिवशी न आलेल्याचं नाव प्राध्यापक काढू शकतात आणि वेटलिस्टवरच्या मुलाला जागा देतात. मग सिलॅबस बारकाईनं वाच, अगदी शेवटच्या पानापर्यंत. उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापणार, किती गैरहजेरी चालेल, निबंधाला एआयची मदत घेता येते का, हे सगळं त्यातच असतं आणि प्राध्यापकागणिक बदलतं. एकाकडे चाललं ते दुसऱ्याकडे नक्कल ठरू शकतं, म्हणून आधी विचार. शाळेचा आणि कॉलेजचा स्प्रिंग ब्रेक एकाच आठवड्यात येईल असं नाही. शाळेला सुट्टी असली तरी तुझा तास असतोच.

आता वेळेचा हिशेब. तीन युनिटच्या कोर्सला आठवड्याला तीन तास वर्गात आणि साधारण सहा तास घरी, असे नऊ तास धर. हाच सोळा आठवड्यांचा कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत उरकतात, तेव्हा तो आठवड्याला चोवीस तासांवर जातो. जुलैत पुण्याची तिकिटं काढली असतील तर समर कोर्स घेऊच नकोस. आजीकडे बसून क्विझ देईन असं वाटतं, पण इथली दुपार म्हणजे तिथली मध्यरात्र.

जमत नाही असं वाटलं तर गप्प राहून वाट पाहू नकोस. सुरुवातीच्या मुदतीत कोर्स सोडला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर सोडला तर 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची खूण) लागतो. तीही मुदत टळली की जी मिळेल ती ग्रेड घ्यावी लागते. दोन्ही तारखा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असतात, आजच फोनमध्ये टाकून ठेव. वर्गात जायचं बंद केलं की नाव आपोआप निघतं, अशा भरवशावर राहिलेल्या मुलांना मी 'एफ' मिळालेला पाहिला आहे. पुढे त्याच कॉलेजात सरकारी आर्थिक मदत मागशील तेव्हा हे 'डब्ल्यू' आणि 'एफ' मोजले जातात.

प्राध्यापकांना लिहायचं ते कॉलेजच्या ईमेलवरून आणि स्वतः लिहायचं. विषयात कोर्सचं नाव व सेक्शन नंबर. आत चार ओळी पुरे: मी कोण, काय अडलं, सिलॅबसमध्ये काय पाहिलं, कधी भेटता येईल. 'मी हायस्कूलमध्ये आहे' हे सवलतीचं कारण म्हणून लिहू नकोस. वर्गात वीस-तीस वर्षांची, नोकरी सांभाळून आलेली माणसं असतात. ऑफिस अवर्समध्ये मात्र जरूर जा, ते तुझ्यासाठीच असतात.

तुझ्या धाकट्या भावाला शाळेत परीक्षेला जास्त वेळ मिळतो ना? कॉलेजात तो आपसूक मिळत नाही. तिथल्या डिसेबिलिटी ऑफिसात स्वतः जाऊन कागद द्यावे लागतात. त्याच्याही कानावर घाल.

क्रेडिट कुठे चालतील हेही आधी पाहा. यूसी आणि कॅल स्टेट विद्यापीठांसाठी असिस्ट नावाच्या साइटवर कळतं, खासगी विद्यापीठांचे नियम निरनिराळे असतात. हायस्कूल डिप्लोमासाठी वापरलेला कोर्स काही ठिकाणी धरतच नाहीत.

आणि ताई, हे तुझ्यासाठी. १९७४ च्या फर्पा कायद्यानं कॉलेजातल्या नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, वय सोळा असलं तरी. तू फोन केलास तर ग्रेड सांगायला प्राध्यापक बांधील नाहीत, बहुतेक जण नाहीच म्हणतात. आपल्या घरांत मुलांच्या वतीनं आईनंच बोलायची सवय आहे, पण या एका ठिकाणी मागे राहा. लेकीचा पासवर्ड मागू नकोस, तिच्या नावानं ईमेल लिहू नकोस. विचारायचं असेल ते रात्री जेवताना तिलाच विचार.